नागीण आणि ड जीवनसत्त्व

कंबरेभोवती फिरणाऱ्या नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. ग्रीकांनाही हा आजार असाच दिसला असावा. 'हर्पिस' या शब्दाच्या मुळाशी सरपटणे आहे आणि 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. प्रत्यक्षात ही टोके सहसा जुळत नाहीत. एका मज्जातंतूचा प्रदेश शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून पुरळ बहुधा एकाच बाजूला राहते.

लहानपणच्या कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निपचित पडून असतो. इंग्लंडमधले डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी १६ वर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये मांडले, की प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की तो जागा होतो. हा पहारा मुख्यतः टी-पेशींचा.

ड जीवनसत्त्वाचा संबंध येतो तो इथे. टी-पेशींमध्ये हे जीवनसत्त्व ओळखणारी प्रथिने असतात. नागीण झालेल्याच्या रक्तात त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमहून कमी निघाले, की 'यामुळेच झाली' असे घरचे म्हणतात. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. वय वाढले की नागिणीची शक्यता वाढते आणि उन्हातून ड जीवनसत्त्व बनवण्याची त्वचेची क्षमता घटते. दोहोंचे मूळ वयातच असू शकते. शिवाय रक्त तपासले जाते ते फोड आल्यावर, आणि शरीरातला दाह स्वतःच हे प्रमाण खाली आणू शकतो. तिसरे म्हणजे, आपल्याकडे धडधाकट माणसांतही ही उणीव सर्रास आढळते. तेव्हा तुलना करायची तर समान वयाच्या, समान ऋतूत तपासलेल्या निरोगी माणसांशीच करायला हवी.

उणीव असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने भरावी. हाडांसाठी ती भरणे गरजेचेच आहे. मात्र विषाणूरोधक औषधाचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्यास होतो. नागीण डोळ्याजवळ असेल तर दृष्टीलाही धोका असतो. फोड सुकल्यावर महिनोन्महिने ठणका मागे राहू शकतो. पन्नाशीपुढच्यांसाठी प्रभावी लसही आता भारतात मिळते. पूर्वी हे मोलाचे तास गेरूच्या लेपात जात. आता ते रक्ताच्या अहवालाची वाट पाहण्यात जाऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे.