बेथलेहेमची वाट

जेरुसलेम ते बेथलेहेम हे अंतर जेमतेम नऊ किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस रमतगमत गेला तरी जेवणवेळेपर्यंत पोहोचतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचताना हे अंतर ध्यानात ठेवावे, कारण त्या कथेतला सगळा ताण या एवढ्याशा वाटेवर आहे.

कथा आपल्यापैकी अनेकांना ख्रिसमसच्या देखाव्यांमुळे ठाऊक असते. पूर्वेकडचे काही ज्ञानी लोक एक तारा पाहून निघतात आणि जेरुसलेमला येऊन विचारतात, यहुद्यांचा राजा जन्मला आहे तो कुठे? गादीवर बसलेल्या हेरोदाच्या पोटात गोळा येतो. तो मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावून घेतो. त्यांना पोथी उघडून शोधाशोधही करावी लागत नाही. मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथाचा दाखला देऊन ते सांगतात, बेथलेहेम. उत्तर अचूक आहे. मात्र उत्तर देणाऱ्यांपैकी कोणी चपला घालून बाहेर पडल्याचे मत्तय सांगत नाही. शेकडो मैल तुडवून आलेले परके लोकच पुढचे नऊ किलोमीटर चालतात.

६ जानेवारीला जगभरचे ख्रिस्ती लोक जो एपिफनीचा, म्हणजे प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण पाळतात, त्याचे मर्म मला या जागी सापडते. देव प्रकट झाला हे अर्धे झाले. तो कोणासमोर प्रकट झाला, आणि त्या माणसांनी त्यासाठी काय केले, हे उरलेले अर्धे.

ही माणसे कोण होती? मत्तयाने वापरलेला शब्द ‘मागी’ हा मुळात इराणी याजकवर्गाचा. जरथुष्ट्राचा धर्म पुढे याच वर्गाने सांभाळला, आणि आपल्या मुंबई-उदवाड्याच्या अग्यारीत आज दिसणारी परंपरा त्याच प्रवाहातली. ग्रीक जगात मात्र तो शब्द ज्योतिषी, स्वप्नांचा अर्थ लावणारे, मांत्रिक अशा सगळ्यांसाठीच वापरला जाई. यहुदी धर्मशास्त्राला नक्षत्रे पाहून भविष्य सांगणे मुळीच मान्य नव्हते. अशा परिस्थितीत यहुदी वाचकांसाठी लिहिणारा मत्तय बाळ येशूपुढे गुडघे टेकायला सर्वांत आधी याच लोकांना आणतो, हे धाडसच म्हणायचे. लूकच्या शुभवर्तमानात तो मान मेंढपाळांना मिळतो. मत्तयाच्या कथेत तो परधर्मीयांना मिळाला.

ते तीन होते असे मत्तय म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन, असा हिशेब पुढच्या पिढ्यांनी केला. सीरियातल्या जुन्या परंपरेत ते बारा आहेत. ते राजे होते असेही मूळ कथेत नाही. दूरदेशीचे राजे नजराणे घेऊन येतील असे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आणि बहात्तराव्या स्तोत्रात आहे, त्यावरून त्यांच्या डोक्यावर मुकुट चढले. गास्पर, मेल्कियोर, बाल्थझार ही नावे आणखी नंतरची. इटलीत रावेन्ना येथे सहाव्या शतकातले एक मोझेइक आहे. त्यात हे तिघे इराणी टोप्या आणि नक्षीदार तुमानी घालून, हातातली तबके पुढे करून, कमरेत वाकून लगबगीने चाललेले दिसतात. मुकुटधारी राजांच्या असंख्य चित्रांपेक्षा मला हे घाईतले प्रवासी जवळचे वाटतात.

चित्रकारांनी या तिघांमध्ये आपापल्या काळातले ‘दूरचे’ लोक आणून बसवले. एक तरुण, एक प्रौढ, एक म्हातारा. पुढे त्यातला एक आफ्रिकी. पोर्तुगालमधल्या विसेऊ शहरातले सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे एक चित्र तर थक्क करणारे आहे. १५०० साली पोर्तुगीज गलबते ब्राझीलला लागली आणि त्यानंतर काही वर्षांतच या चित्रातला एक ज्ञानी डोक्यावर पिसांचा मुकुट घालून ब्राझीलच्या आदिवासीच्या वेशात उभा राहिला. जग जसजसे मोठे होत गेले, तसतशी बेथलेहेमच्या त्या घरात जागा करावी लागली. त्याच समुद्री राजवटीने ब्राझीलच्या माणसांचे पुढे काय केले हा इतिहास कडू आहे, आणि म्हणूनच ते चित्र विसरता येत नाही.

ताऱ्याचे काय? योहानेस केपलरने सतराव्या शतकात गणित करून दाखवले की इसवी सनापूर्वी ७ मध्ये गुरू आणि शनी मीन राशीत एकमेकांजवळ आले होते. हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात, तेव्हा काळ जुळण्याजोगा आहे. कोणी धूमकेतू म्हणतात, कोणी स्फोट पावलेला तारा. हा शोध रंजक आहे, पण कथेत तारा एकटा पुरत नाही. तो त्यांना घराबाहेर काढतो आणि ते पोहोचतात चुकीच्या ठिकाणी, राजवाड्यात! राजा जन्मायचा तर राजधानीतच, असे कोणालाही वाटेल. बेथलेहेमचे नाव त्यांना ग्रंथातून कळते, तेही स्वतः न जाणाऱ्या पंडितांच्या तोंडून. आकाश वाचणाऱ्यांना ग्रंथाची गरज पडली आणि ग्रंथ वाचणाऱ्यांनी आकाशाकडे पाहिलेच नाही. श्रद्धेच्या शोधाविषयी ख्रिस्ती धर्माने सांगितलेली इतकी खरी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

शेवटी त्यांना दिसते काय? मत्तय गोठाही सांगत नाही. एक साधे घर, आई, मूल. चमत्कार होत नाही. मूल एक शब्द बोलत नाही. सोने, ऊद आणि गंधरस पुढे ठेवून ते नमन करतात. सोने राजाला, ऊद देवाला, आणि गंधरस मर्त्य माणसाला, असा अर्थ चर्चच्या जुन्या आचार्यांनी लावला. गंधरस म्हणजे एका काटेरी झुडपाचा कडवट डिंक. प्रेताला लावायच्या सुगंधी द्रव्यांत तो असे, आणि येशूच्या दफनाच्या वेळी निकदेम तोच घेऊन आल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. बाळाला पाहायला जाताना कोणी असला आहेर नेत नाही. त्यानंतर स्वप्नात इशारा मिळून ज्ञानी लोक दुसऱ्या वाटेने मायदेशी जातात, हेरोद बेथलेहेमच्या बालकांची कत्तल करवतो, आणि मरिया-योसेफ मूल घेऊन इजिप्तला पळतात. सणाच्या कथेला ही रक्ताची किनार आहे. ती झाकून कथेतले फक्त उंट आणि मुकुट दाखवणे बरोबर नव्हे.

सण म्हणून ६ जानेवारी फार जुनी आहे. पूर्वेकडच्या चर्चेसमध्ये या दिवशी मुख्य आठवण होते ती यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्याची. आर्मेनियन चर्च आजही येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा एकत्रच ६ जानेवारीला साजरे करते. रशियात जुन्या पंचांगाप्रमाणे १९ जानेवारीला गोठलेल्या नदीत भोक पाडून भाविक बुडी मारतात. इथिओपियात हाच ‘तिमकत’. केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांपुढे या सणाला केळीचा खांब रोवून त्यावर पणत्या लावतात. पश्चिमेकडे मात्र सण ज्ञानी लोकांचा झाला. मिलानमधून ११६४ मध्ये कोलोनला नेलेले अवशेष त्यांचेच आहेत अशी श्रद्धा आहे आणि तिथले प्रचंड कॅथीड्रल त्यांच्यासाठीच उभे राहिले.

हा सण पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. पणजीसमोर, मांडवीच्या उत्तर तीरावर, किल्ल्याच्या पायथ्याशी रेईश मागूशचे चर्च आहे. फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी १५५५ मध्ये स्थापलेले हे बारदेशातले पहिले चर्च. त्याच्या मुख्य वेदीवर लाकडात कोरलेले, रंगवलेले तीन राजे बाळापुढे भेटी घेऊन आले आहेत, आणि गावाचे नावच त्यांच्यावरून पडले आहे. दक्षिणेला कासावलीची तऱ्हा आणखी वेगळी. कुयेली, आरोशी आणि कासावली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा होतो. अंगावर झगझगीत झगा, डोक्यावर मुकुट, घोड्यावर स्वारी. तिघे तीन वेगळ्या वाटांनी कुयेलीच्या टेकडीवरच्या रेमेदी सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, कपेलकडे येतात. सायबिणीच्या दारी तीन वाटा एक होतात आणि मग मिस्सा सुरू होते.

वेगळ्या वाटांनी येणाऱ्यांचा विषय निघाला की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८५८ चा त्यांचा जन्म. आईवडील आणि भाऊ यांच्याबरोबर तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत त्या वाढल्या. दुष्काळात आईवडील गेले. उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि इथे शोध संपला असे त्यांच्या इंग्रज धर्मभगिनींना वाटले. तो संपला नव्हता. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार यांवर रमाबाईंनी त्यांच्याशी पत्रांतून खडाजंगी केली. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली त्यांना चालेनात. लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या संस्कृतमध्ये नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त मात्र त्यानंतर काही वर्षांनी, १८९१ च्या सुमारास सापडला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणी लिहिले आहे. मधल्या वर्षांत त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले होते. पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि तो ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट याहून वेगळी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना बायबल दिले आणि ते वाचायचे वचन घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घराने मोजली; पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्या फरफटीची हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळक मात्र ख्रिस्ती झाल्यावरही सांगत राहिले की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. पूल ओलांडल्यावर त्यांनी तो मोडला नाही, याचे मोल मला फार वाटते.

शोध म्हटला की धर्मांतर, असे समीकरण आपल्याकडे झाले आहे आणि त्यातून उगाच कटुता येते. मत्तयाची कथा तसे म्हणत नाही. ज्ञानी लोक परत गेले आणि पुढे कोण झाले, कोणत्या देवळात गेले, यावर ती एक अक्षर बोलत नाही. त्यांनी तारा पाहिला, विचारत विचारत आले, चुकले, पुन्हा निघाले, गुडघे टेकले. तेवढ्यावर शुभवर्तमानाने त्यांना आपल्या पहिल्या पानांत कायमची जागा दिली. जन्माने ख्रिस्ती असलेल्यांना ही कथा म्हणून अधिक टोचायला हवी, कारण शास्त्र्यांच्या जागी आज तेच बसले आहेत. आणि हे केवळ ख्रिस्ती लोकांपुरते आहे असे मी मानत नाही. ज्यांच्या घरात ग्रंथ आहे, ज्यांना उत्तर पाठ आहे, त्या प्रत्येकाने हा अध्याय वाचावा.

बायबल आता मराठीत सहज मिळते. मत्तय, अध्याय दुसरा, पहिली बारा वचने. पाच मिनिटांचे वाचन आहे. आणि ६ जानेवारीला गोव्यात असाल तर कासावलीला उतरा आणि टेकडी चढा. त्या दिवशी कपेलचे दार सगळ्यांना उघडे असते.