जुन्या मोटारीखाली शिरण्यापूर्वी

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले. मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तरीही वडिलांच्या वेळची 'अंबासडर' किंवा 'फियाट' ताडपत्रीखाली जपून ठेवणारी घरे आपल्याकडे आहेत. हात चालणारी मंडळी ऑईल बदलणे, ग्रीस भरणे, ब्रेक पाहणे ही कामे घरीच करतात व मजुरी वाचवतात. त्याला आमची हरकत नाही. मात्र इंजिन समजण्याआधी जॅक समजला पाहिजे.

पहिली अडचण आपल्या मातीची. परभणीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरून टणक दिसली तरी वजन आले की दबते. जॅकचे बूड साधारण चार इंच लांब, चार इंच रुंद, म्हणजे सोळा चौरस इंच. अ‍ॅम्बेसेडरचे वजन सुमारे अकराशे किलो; त्यातला एका बाजूचा भार एवढ्याशा जागेवर आला की जॅक एका अंगाला कलतो आणि गाडी घसरते. त्याखाली एक फूट लांब-रुंद, दोन इंच जाडीची सागवानी फळी ठेवली तर तोच भार एकशे चव्वेचाळीस चौरस इंचांवर पसरतो, म्हणजे जमिनीवरचा दाब नवव्या हिश्शावर येतो. फरशी किंवा काँक्रीटचा ओटा असेल तर उत्तमच. विटा मात्र कधीही लावू नयेत. वीट आधी सांगून फुटत नाही.

दुसरी गोष्ट चाकांची. या दोन्ही गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की त्याचा काही उपयोग राहत नाही. गियरवरही विसंबू नये, कारण मागचे एकच चाक उचलले तर डिफरन्शियलमुळे गाडी गियरमध्ये असूनही सरकू शकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावावेत. चाक काढायचे असल्यास नट अर्धा फेरा आधीच सैल करावेत. हवेत लटकलेल्या गाडीवर पान्याला हिसके देणे बरे नव्हे.

मागे जॅक लावायची जागा म्हणजे हाउसिंग, तीही पाट्याजवळ. मधल्या गोळ्याखाली नव्हे. पुढे ऑईल चेंबरला जॅक लागू देऊ नये. अ‍ॅम्बेसेडरच्या पुढच्या बाजूला स्प्रिंगऐवजी टॉर्शन बारच्या लांब दांड्या आहेत, त्याही टाळाव्यात. दाराखालची पट्टी आतून गंजलेली असते, जॅक सरळ पत्र्यात घुसतो. गाडी पन्नाशीची झाली व मूळ रूपात राहिली तर २०२१ च्या नियमानुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. तेव्हा पत्रा जपलेला बरा.

आता मुख्य मुद्दा. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचे रबरी सील जुने झाले की तो हळूहळू बसतो, कधी एकदम बसतो. बिस्मिल्लाह म्हणून जॅक जरूर फिरवावा, पण त्याच्या भरवशावर खाली शिरू नये. गाडी दोन घोड्यांवर टेकवावी. घोड्या वजनाचा आकडा कोरलेल्या, दुकानातून घेतलेल्या असाव्यात. भंगारातल्या अँगलला दोन टाके मारून केलेल्या नकोत. नंतर गाडीला हाताने जोरात हलवून पाहावे. काढलेले चाक दाराखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे काही सुटलेच तरी गाडी आधी त्यावर बसेल.

गॅरेजवाल्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. हाताखालचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्याच्या आईबापांनी तुमच्याकडे अमानत म्हणून सोपवलेला असतो. घाईच्या गिऱ्हाइकासाठी त्याला नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली पाठवू नका. घोडी लावायला पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला चहा पाजा.

काम संपल्यावर खाली हत्यार वा माणूस राहिला नाही हे पाहून जॅकने गाडी थोडी उचलावी, घोड्या काढाव्यात आणि व्हॉल्व्ह अगदी हळू सैल करावा. नट गाडी जमिनीवर आल्यावरच, समोरासमोरचे एकेक करून, पूर्ण आवळावेत.