ओढकामाच्या मालमोटारीतील मागील आसाची तेलगळती : निदानाची रीत

घाटात बंद पडलेली वाहने ओढून आणणाऱ्या मालमोटारीच्या मागील चाकाच्या आतील बाजूस तेलाचा ओघळ दिसू लागला, म्हणजे गॅरेजातील पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो : ऑइल सील बदलणे. पुष्कळदा गळती थांबतेही. परंतु थोड्याच दिवसांत तोच ओघळ पुन्हा दिसू लागला, तर पहिले निदान अपुरे होते असे समजावे. प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या तेलाचा नाही. ते ब्रेकच्या लायनरवर पोचल्यास त्या चाकाची पकड क्षीण होते आणि उतारावर, दुसरे वाहन मागे टांगलेले असताना, गाडी एका बाजूस ओढली जाते. म्हणून या निदानाचा क्रम येथे विवेचिला आहे.

प्रथम रचना ध्यानात घेऊ. जड मालमोटारींचा मागील आस सामान्यतः फुल फ्लोटिंग प्रकारचा असतो. त्यात गाडीचा भार हौसिंगच्या नळीवर बसविलेल्या दोन बेअरिंगांवर पडतो; एक्सल केवळ चाक फिरवितो. हबच्या आतील टोकाशी सील असते व बाहेरील टोकाशी एक्सलची फ्लँज आणि तिची गॅस्केट. सील म्हणजे स्प्रिंगच्या कड्याने दाबून धरलेला रबराचा ओठ होय. उडणारे तेल अडविणे हे त्याचे कार्य. तेलामागे मोठा दाब असेल, तर तो टिकाव धरू शकत नाही.

ओढकामाने दोन गोष्टी घडतात. पहिली भाराची. समजा, गाडीच्या पुढील व मागील आसांत ४ मीटर अंतर आहे आणि मागील आसाच्या मागे २ मीटरवर २,००० किलोग्रॅम भार टांगला आहे. तरफेच्या नियमानुसार मागील आसावर ३,००० किलोग्रॅम भार वाढतो व पुढील आसावरील १,००० किलोग्रॅम कमी होतो. या भाराने बेअरिंगे झिजतात व हब डुगडुगू लागते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. चढावर संथ गतीने भार ओढताना डिफरन्शियलचे तेल तापते. हौसिंगमधील हवा ३० अंश सेल्सिअसवरून ११० अंशांवर गेली व तिला बाहेर पडण्यास वाट नसली, तर तिचा दाब सुमारे पाव वातावरणाने वाढतो. ही वाट म्हणजे हौसिंगवरील ब्रीदर. तो चिखलाने बुजला, तर निर्दोष सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते.

आता निदानाचा क्रम पाहू. गाडी सपाट जागी उभी करून, तेल निवल्यावर पातळी पाहावी; ती सामान्यतः भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी. पातळी अधिक असणे हेही गळतीचे कारण होते. नंतर ब्रीदर काढून स्वच्छ करावा. दोन्ही चाकांशी व पिनियनशी एकाच सुमारास गळती सुरू झाली असेल, तर संशय प्रथम या दोहोंवर घ्यावा. गळती एकाच चाकाशी असेल, तर त्या चाकाचे सील, बेअरिंग वा गॅस्केट तपासावी.

त्यानंतर सर्व भाग धुऊन, कोरडे करून गाडी थोडी चालवावी व पुन्हा पाहावे. वाऱ्याने तेल मागे व खाली पसरते. म्हणून सर्वांत वरचा व पुढचा ओला बिंदू हाच उगम मानावा. हबच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूस किरणांप्रमाणे ओघळ गेले असतील, तर दोष फ्लँजच्या गॅस्केटचा किंवा सैल बोल्टांचा होय. सील बदलून तेथे काहीच साधणार नाही. ड्रमच्या आतील बाजूस ओल असेल, तर दोष हबच्या सीलचा.

द्रवही ओळखावा. गिअर ऑइल दाट असून त्यास गंधकाचा उग्र वास येतो. जलदाबी ब्रेक असलेल्या हलक्या गाड्यांत नेहमीचे ब्रेकचे द्रव पातळ असते व पाण्यात मिसळते. ते आढळल्यास दोष आसाचा नसून चाकाजवळील ब्रेक सिलिंडरचा होय. ज्या हबमध्ये ग्रीस भरलेले असते, तेथून पातळ झालेले ग्रीस गळू लागले, तर डिफरन्शियलचे तेल हबमध्ये शिरले असा अर्थ होतो.

शेवटी गाडी नीट टेकू देऊन चाक उचलावे व वर-खाली हलवून पाहावे. डुगडुग जाणवल्यास बेअरिंग तपासल्यावाचून नवे सील बसवू नये. सीलचा ओठ ज्या पृष्ठावर फिरतो तेथे नख अडकेल अशी खाच पडली असेल, तर तो भाग बदलणे किंवा त्यावर स्लीव्ह बसविणे अवश्य आहे.

तेल प्यालेले लायनर धुऊन पुन्हा वापरू नयेत. वरून कोरडे दिसले तरी तापल्यावर आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. लायनर एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर बदलावेत, म्हणजे दोन्ही बाजूंची पकड समान राहील. हे सर्व होईपर्यंत ती गाडी ओढकामास लावू नये. कारण मागे टांगलेल्या वाहनाचा भारही उतारावर याच ब्रेकांना आवरावा लागतो.