हाताला कळलेले विज्ञान

पुण्यात विशेष शिक्षणाची परंपरा जुनी आहे. ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’ ही संस्था १९३४ साली निघाली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘कामायनी’ १९६४ साली उभी राहिली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला अधिकार मिळाल्यापासून अशा शाळांच्या शिक्षकांचे प्रशिक्षणही शिस्तीत आले. ब्रेल, खुणांची भाषा हे सारे शिक्षक शिकतो. परंतु परिसर-विज्ञान शिकवावयाची वेळ आली, की त्याच्या हाती बहुधा चित्रांचे पुस्तकच येते. जलचक्राची आकृती अंध मुलापुढे धरून काय उपयोग?

वास्तविक परिसर हा केवळ पाहण्याचा विषय नव्हे. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांचे बूड कापावे, तोंडाला फडके बांधून त्या उलट्या धराव्या. एकीत वाळू, दुसरीत काळी माती भरून सारखेच पाणी ओतावे. वाळूतून ते भराभर गळते, काळ्या मातीत रेंगाळते. अंध मूल हा फरक कानांनी व बोटांनी जाणते. कर्णबधिर मूल डोळ्यांनी. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी पालापाचोळ्याच्या खताचा खड्डा उत्तम. रोज तेच काम, त्याच क्रमाने. आणि काही महिन्यांनी पानांची झालेली माती त्याच्याच मुठीत येते.

सामान महाग नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान कसे शिकवावे, हे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने पुण्यातच दाखविले आहे. मात्र ही विद्या व्याख्यानाने येत नाही. शिक्षकाने प्रयोग आधी स्वतः करावा, मग एका मुलाबरोबर करावा, आणि ते कोठे अडले हे टिपून मांडणी बदलावी. भांड्याला आतून खाचा पाडल्या, की पाण्याची पातळी बोटाने मोजता येते. ओले फडके उन्हात वाळताना आधी दाखविले, की ‘बाष्पीभवन’ या खुणेला अर्थ येतो.

प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला व माणसे दगावली. अशा वेळी शेजाऱ्यांची हाक कर्णबधिर मुलास ऐकू येत नाही, चढते पाणी अंध मुलास दिसत नाही. पाणी उताराने कोठे धावते, उंच जागा कोणती, हे त्याने वाळूच्या उतारावर हातांनी आधीच शिकलेले असावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षकांचे प्रशिक्षण ही शासनाची जबाबदारी ठरविली आहे. त्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात अशा प्रयोगांसाठी पुरेसे तास राखून ठेवणे, हे आता अगत्याचे आहे.