चुन्याची निवळी आणि नको असलेले समुद्रपुष्प

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मीठ बाहेरून मागवतो म्हटले की खामगावात हमखास प्रश्न येतो, लोणार जवळ असताना? पण लोणारच्या पाण्यात मिठाबरोबर सोडा आहे. त्याचा सामू १० च्या आसपास, समुद्राचा ८ च्या किंचित वर. समुद्री मासा तिथे जगणार नाही.

माझ्या टाकीत विदूषक माशांची जोडी आहे आणि ती जिच्यात राहते ते एक मोठे समुद्रपुष्प. हे फूल नव्हे, प्रवाळांच्या गोतावळ्यातला प्राणी. प्रवाळ मात्र मी ठेवत नाही. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. खडक भाजक्या मातीचे आहेत.

विकत आणलेल्या एका गोगलगाईच्या शंखावर तपकिरी, पारदर्शक असा मुगाएवढा ठिपका होता. पंधरा दिवसांत त्याला झालर फुटली. मी खुळ्यासारखा खूश झालो. ते निघाले ऐप्टेशिया, मत्स्यालयवाल्यांचे गाजरगवत.

पुढे खडकावर दुसरे दिसले तेव्हा ते मी सुरीने खरवडले, आणि इथेच चुकलो. हा प्राणी तळ सरकवताना मागे मांसाचे कण सोडतो आणि त्या प्रत्येक कणातून नवा जीव उभा राहू शकतो. सुरीने मी त्याचेच काम केले. दोन महिन्यांत एकतीस मोजली. त्यांच्या दंशपेशींचा स्पर्श होऊन मोठे समुद्रपुष्प एका बाजूने आक्रसले, आणि मासे त्यातून उठून कोपऱ्यात झोपू लागले. तेव्हा रात्री मलाही झोप येईना.

उपाय सापडला तो पानाच्या डबीतला. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर जातो. (डबीतल्या चुन्यात आणखी काय असेल याचा भरवसा नाही, म्हणून मी प्रयोगशाळेसाठी मिळतो तो शुद्ध चुना घेतला.) दाट लगदा सिरिंजमध्ये भरायचा, पंप बंद करायचा आणि प्राणी आक्रसण्याआधी हलक्या हाताने थेट त्याच्या तोंडावर सोडायचा. एका दिवशी चार-पाचच, नाहीतर सगळ्या टाकीचा सामू चढतो आणि मासे जातात. मोठ्या समुद्रपुष्पाजवळची मी शेवटी घेतली, तीही खडक बाहेर काढून.

उपाशी ठेवून ती मरत नाहीत. त्यांच्या अंगात शेवाळ असते, ते उजेडावर अन्न करून त्यांना देते. पण मी माशांना वाजवीपेक्षा जास्त खाऊ घालत होतो, त्यावर ती फोफावली हे खरे. खाणे निम्मे केले. बर्घिया नावाची बिनशंखाची समुद्री गोगलगाय केवळ ऐप्टेशियावर जगते. ती आणली नाही, कारण ऐप्टेशिया संपले की ती उपाशी मरते.

गंमत अशी की प्रवाळ पांढरे पडून का मरतात, हे शोधणारे शास्त्रज्ञ याच उपद्रवी प्राण्याला मुद्दाम वाढवतात. प्रवाळासारखेच त्याचे शेवाळाशी साटेलोटे आहे, आणि तो वाढायला सोपा. २०१५ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला.

मासे आता परत आपल्या जागी झोपतात. ओव्हरफ्लोच्या पाइपात मात्र अजून तीन आहेत. तिथे सिरिंज पोचत नाही.