मालक नको, क्लब हवा

नवीन पनवेलच्या टर्फवर संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, बार्सिलोना यांच्या जर्सी असतात. ब्लॅकबर्न रोव्हर्सची अर्धी निळी, अर्धी पांढरी जर्सी सहसा दिसत नाही. मालकाचं अंतर मोजलं तर इंग्लंडच्या नामांकित क्लबांपैकी पनवेलला सगळ्यांत जवळचा हाच म्हणावा लागेल. कळंबोलीहून निघणाऱ्या एक्स्प्रेसवेच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यात, त्याचे मालक आहेत. आपल्याकडे चिकन आणि अंड्यांच्या धंद्यामुळे घरोघरी माहीत असलेला वेंकीज हा उद्योगसमूह नोव्हेंबर 2010पासून हा क्लब चालवतो आहे. ब्लॅकबर्नचे पाठीराखे गेली पंधरा वर्षं या मालकांनी जावं म्हणून घोषणा देत आहेत आणि पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर जाऊन बसत आहेत. हे कसं चालतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण मुंबई आणि पुण्यातल्या चाहत्यांवरही हीच वेळ वेगवेगळ्या रूपांत आलेली आहे.

आधी विकत काय घेतलं गेलं ते पाहू. ब्लॅकबर्न रोव्हर्सची स्थापना 1875ची. 1888मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. गावचाच जॅक वॉकर पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झाला, त्याने क्लबमध्ये पैसा ओतला आणि 1995मध्ये एका छोट्या गिरणगावाने प्रीमियर लीग जिंकली. वॉकर 2000 साली वारला. त्याच्या मागे राहिलेल्या ट्रस्टने दहा वर्षांनी क्लब वेंकीजला सुमारे 2.3 कोटी पौंडांना विकला, क्लबवरचं कर्जही त्यांच्याकडे गेलं. कायद्याच्या भाषेत हा कंपनीच्या शेअरचा व्यवहार होता. शेअरबरोबर मैदान आलं, खेळाडूंचे करार आले, लीगमधली जागा आली. आजोबा, बाप आणि नातू एकाच स्टँडमध्ये बसत आल्याचा इतिहास कुठल्याच ताळेबंदात लिहिलेला नव्हता. तरी त्या कंपनीला किंमत होती ती त्याच्यामुळेच.

विश्वास उडायला महिनाही लागला नाही. डिसेंबर 2010मध्ये सॅम ॲलरडाइस या मुरलेल्या प्रशिक्षकाला काढून स्टीव्ह कीन यांना नेमलं. मे 2012मध्ये विगनकडून 0-1 हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्याच सामन्यात कुणीतरी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती, आणि ते चित्र जगभर गेलं. पुढच्या हंगामात प्रशिक्षक इतके भराभर बदलले, की हेनिंग बर्ग यांना फक्त 57 दिवस मिळाले. 2017मध्ये संघ तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये गेला आणि टोनी मोब्रे यांच्या हाताखाली एका वर्षात परत वर आला. प्रीमियर लीगच्या काळात इवूड पार्क या घरच्या मैदानावर सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास प्रेक्षक असायचे. वाईट काळात हा आकडा पंधरा हजारांच्या खाली उतरला. तरीही एवढे लोक येत राहिले, आणि मला वाटतं खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

दुकानदार फसवायला लागला, की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. ब्लॅकबर्नपासून वीस किलोमीटरच्या आत बर्नलीचं मैदान आहे, पण ब्लॅकबर्नचा माणूस बर्नलीला जाणार नाही. तो शंभर वर्षांहून जुना वैरी आहे. म्हणजे चाहत्याला दुसरं दुकानच नाही. ही निष्ठा क्लबला वाईट दिवसांत तगवते, तशीच ती मालकाला बेफिकीर राहण्याची मुभाही देते. गिऱ्हाईक कुठे जाणार नाही याची खात्री असलेल्या मालकाला उत्तर द्यायची घाई नसते. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांची सगळ्यांत मोठी तक्रार नेमकी हीच आहे: मालक मैदानावर क्वचितच दिसतात, बोलत नाहीत, पुढचा विचार काय ते सांगत नाहीत.

आता पैशाची बाजू, कारण तिच्याशिवाय हे कोडं अर्धंच राहतं. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या, चॅम्पियनशिपमधल्या क्लबांचा खर्च बहुधा उत्पन्नापेक्षा जास्त असतो. प्रीमियर लीगमध्ये पोहोचलं तर दूरचित्रवाणीच्या हक्कांचा प्रचंड पैसा मिळतो, म्हणून त्या आशेवर सगळे खेळाडूंच्या पगारावर उधळतात. दरवर्षीची तूट मालक भरून काढतो, कधी कर्ज देऊन, कधी नवे शेअर घेऊन. वेंकीजने अशी तूट वर्षानुवर्षं भरली आहे आणि ती रक्कम लहान नाही, हे त्यांच्या कट्टर विरोधकांनाही मान्य करावं लागतं. त्यामुळे चाहता अवघड जागी सापडतो. ज्याने जावं असं वाटतं, त्याच्याच पैशावर आपल्या खेळाडूंचे पगार होतात. 2023पासून ही अडचण उघडी पडली. ईडीच्या चौकशीमुळे भारतातून ब्लॅकबर्नला पैसे पाठवायला दिल्लीच्या न्यायालयाची परवानगी लागू लागली. लँकेशायरमधल्या या गावातले लोक दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा पाहू लागले. फेब्रुवारी 2024मध्ये क्लबच्याच अकादमीत घडलेला ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. घरचं पोर विकून घर चालवावं लागलं, हे तिथल्या लोकांच्या मनाला फार लागलं, आणि ते लागणं साहजिक होतं.

मग चाहत्याच्या हातात उरतं काय? पहिलं साधन म्हणजे हजेरी, पण ती कशी वापरायची यात कसब आहे. ब्लॅकबर्नच्या लोकांनी 2016 साली एक युक्ती केली. अठराव्या मिनिटाला आत यायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचं, म्हणजे 18 आणि 75, क्लबच्या जन्माचं साल. संघाकडे पाठ फिरवली असं कुणी म्हणू शकलं नाही आणि रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात मात्र दिसल्या.

दुसरं साधन पैसा, आणि इथे शेफील्ड वेन्सडेचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. थायलंडचे उद्योगपती देजफोन चान्सिरी 2015पासून या क्लबचे मालक होते. 2025मध्ये खेळाडूंचे पगार पुन्हा पुन्हा थकले. चाहत्यांनी ठरवलं, की मालकाच्या खिशात जाईल असा एकही पौंड द्यायचा नाही: तिकीट नाही, जर्सी नाही, स्टेडियममधला चहासुद्धा नाही. ऑक्टोबरमध्ये मिडल्सब्रोविरुद्धच्या सामन्याला सात हजारांच्या आसपास लोक होते. दोनच दिवसांनी क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, कारभार प्रशासकाकडे आला आणि मालकाचा हात सुटला. शिक्षा म्हणून संघाचे 12 गुण कापले गेले. दुसऱ्याच दिवशी ऑक्सफर्डविरुद्ध सत्तावीस हजारांहून जास्त माणसं मैदानावर आली आणि क्लबच्या दुकानासमोर रांगा लागल्या. तीन दिवसांत वीस हजारांचा फरक! त्या आठवड्यात संघ काही अचानक चांगला खेळायला लागला नव्हता. पैसा कुणाच्या हातात पडतो, एवढंच बदललं होतं. मालकावरचा अविश्वास आणि क्लबवरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

तिसरा मार्ग शेवटचा आणि सगळ्यांत कष्टाचा. 2002मध्ये लंडनचा विम्बल्डन क्लब उचलून मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात न्यायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तो पार तळातल्या लीगमध्ये सुरू झाला, नऊ वर्षांत फुटबॉल लीगमध्ये परतला आणि 2020मध्ये आपल्या जुन्या प्लाव लेनवर नवं मैदान बांधून राहायला आला. पण हे प्रत्येक क्लबला जमेल असं समजू नये. हे करायला माणसांना आयुष्याची जवळपास वीस वर्षं द्यावी लागली.

या तिन्ही साधनांत एक कमतरता आहे. ती नुकसान झाल्यावर वापरायची आहेत. नुकसान आधीच टाळायचं तर हक्क कागदावर असावा लागतो. जर्मनीत तो आहे. तिथल्या नियमाप्रमाणे क्लबच्या कंपनीत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहावी लागतात. आपल्या सिडको वसाहतीतल्या गृहनिर्माण संस्थेसारखंच आहे ते. तुमचा फ्लॅट कितीही मोठा असो, सर्वसाधारण सभेत मत एकच. गुंतवणूकदार पैसा आणतो, पण घर विकायचा निर्णय एकटा घेऊ शकत नाही. काही क्लबांना अपवाद दिलेले आहेत आणि त्यावर तिथे कायम वाद चालतो, तरी पाया टिकून आहे. इंग्लंडला हे शहाणपण उशिरा सुचलं. एप्रिल 2021मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांच्या मालकांनी परस्पर युरोपीय सुपर लीगमध्ये जायचं ठरवलं, चाहते रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांत सहाही क्लब मागे फिरले. त्या धक्क्यातून पुढे 2025चा फुटबॉल प्रशासन कायदा आला. आता स्वतंत्र नियामक मालकाची पात्रता तपासतो, आणि मैदान हलवणं, क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलणं मालकाच्या एकट्याच्या मर्जीवर राहिलेलं नाही.

आपल्याकडे यातलं काहीच नाही, आणि त्याची किंमत पुण्याने सगळ्यांत जास्त मोजली. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी, असे चार व्यावसायिक क्लब 2015 ते 2019 या काळात एकामागोमाग बंद पडले. यातला एफसी पुणे सिटी 2017-18मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत खेळला होता. पुढच्याच हंगामानंतर मालक अडचणीत आले, पुण्याची जागा हैदराबादला गेली, आणि तो हैदराबादचा संघही 2025मध्ये दिल्लीला नेण्यात आला. बालेवाडीत नारिंगी जर्सी घालून ओरडणाऱ्या मुलांना कुणी विचारलं नाही. विचारायला हवं असा नियमच नव्हता. मुंबईत महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता 2010मध्ये असाच एका निर्णयाने संपला होता.

मुंबई सिटी या आयएसएलमधल्या क्लबची गोष्ट आपल्याला जास्त जवळची, कारण नोव्हेंबर 2023मध्ये सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा त्याचा आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला होता, हार्बरने पनवेलहून काही स्टेशनं पुढे. सामना 0-2 हरला, पण असा प्रतिस्पर्धी आपल्या अंगणात आला ही मोठी गोष्ट होती. 2019मध्ये मँचेस्टर सिटी चालवणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर दोनदा लीग शील्ड आणि दोनदा आयएसएल चषक मिळाला. मग 2025मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी रिलायन्सची कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा करार झाला नाही आणि सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारा हंगाम वर्ष संपलं तरी सुरू नव्हता. डिसेंबरमध्ये सिटी ग्रुपने लीगच्या अनिश्चिततेचं कारण देऊन आपला हिस्सा रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांकडे सोडला. इथे वाईट मालकाची गोष्टही नाही. यशस्वी मालकसुद्धा एका निवेदनाने निघून जाऊ शकतो. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबई सिटीच्या पाठीराख्यांच्या गटाची मुलं अंधेरीच्या स्टँडमध्ये ढोल घेऊन उभी राहतात, त्यांना या व्यवहारात मत नव्हतं.

मालक नसलेलं फुटबॉलही महाराष्ट्रात आहे, तेही जुनं आणि भरगच्च गर्दीचं. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठेचे आहेत. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या, की शहराचं लक्ष तिकडे असतं. हे संघ उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाहीत, कारण पेठ उचलता येत नाही. कोल्हापूरचे दोषही आहेत. हुल्लडबाजीने सामने थांबतात, देणगीदारांवर भिस्त असते, आणि राष्ट्रीय लीगचा खर्च या रचनेला पेलत नाही. पण मालकी आणि निष्ठा एकाच ठिकाणी असली की क्लब टिकतो, हे ती पिढ्यान्‌पिढ्या दाखवते आहे.

नवीन पनवेलच्या चाहत्याने यातून काय करावं? आपला क्लब कुठलाही असो, तीन गोष्टी शोधाव्यात. तूट कोण भरतं आणि ती कर्ज म्हणून भरतं की भांडवल म्हणून. कर्ज असेल तर जाताना मालक ते परत मागू शकतो. मैदान क्लबच्या नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या. डर्बी काउंटीचं मैदान 2018मध्ये मालकाच्याच कंपनीला विकलं गेलं आणि तीन वर्षांनी क्लब दिवाळखोरीत गेला. आणि मालकाच्या मूळ धंद्याची तब्येत कशी आहे, कारण पुण्यात संघ बुडाले ते मैदानावर हरून नव्हे. इंग्लंडमधल्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ब्लॅकबर्नचेसुद्धा. भारतातल्या कंपन्यांचे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून मिळतात. हे वाचणाऱ्या चाहत्यांचे गट इंग्लंडच्या बहुतेक शहरांत आहेत, त्यात हिशेबनीस आणि वकील असतात, आणि मालकाशी बोलताना त्यांच्या हातात घोषणेबरोबर आकडाही असतो. मुंबई सिटीचा हिस्सा नुकताच हात बदलून परत आला आहे. संचालक मंडळात चाहत्यांचा एक माणूस, आणि शहर, नाव, रंग बदलण्याआधी सभासदांचं मतदान, एवढी मागणी लेखी मांडायला ही वेळ योग्य आहे.