उरलेल्या आम्लाचा हिशेब

आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, हे इंग्रज डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८२०च्या दशकात दाखवून दिलं. संडासाची लादी साफ करायला बाटलीतून मिळतं तेच हे आम्ल, फक्त पुष्कळ सौम्य. ते वर चढून छातीत जळजळू लागलं की आपण अँटासिडची गोळी चघळतो. ती गोळी नेमकं किती आम्ल मारते, हे काचेच्या नळीतून थेंब सोडून मोजता येतं. गंमत अशी की मोजायचं असतं ते न मेलेलं आम्ल.

गोळीत कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वरून थेंब थेंब आम्ल सोडलं, तर दर थेंबाला कणांच्या पृष्ठभागावरची क्रिया पुरी होईपर्यंत ताटकळावं लागेल. म्हणून प्रयोगशाळेत उलटा रस्ता धरतात. पाचशेची नोट देऊन कुणाला वाण्याकडे पाठवावं आणि परत आलेल्या पैशांवरून खर्च ओळखावा, तसा हा हिशेब.

५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची गोळी खलबत्त्यात कुटून शंकूपात्रात टाकायची. पिपेटनं मोजून २५ मिलिमोल आम्ल ओतायचं, म्हणजे गरजेपेक्षा भरपूर जास्त. फसफसून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पात्र उकळून उरलासुरला वायूही घालवतात, नाहीतर पाण्यात विरघळून तो आम्लाचं सोंग घेतो. मग फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब घालून ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. द्रावणाला टिकाऊ फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. १५ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड लागलं, तर १५ मिलिमोल आम्ल उरलं होतं. बाकीचं १० मिलिमोल गोळीनं संपवलं. गोळीतल्या साखरेनं, स्टार्चनं या वजाबाकीत काहीच फरक पडत नाही.

कागदावर पाहिलं, तर एक ग्रॅम खायचा सोडा सुमारे १२ मिलिमोल आम्ल मारतो, कॅल्शियम कार्बोनेट २०, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३४ आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड ३८. पण पहिला नंबर असलेलं अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड कामाला सावकाश लागतं, आणि जठर काही अन्न-औषध धरून बसत नाही. म्हणूनच अमेरिकी औषधसंहितेच्या चाचणीत घड्याळालाही स्थान आहे. शरीराच्या तापमानाला, ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, औषध आम्लात बरोबर १५ मिनिटं ढवळतात आणि लगेच उरलेलं आम्ल मोजायला घेतात. तोवर जेवढं काम झालं, तेवढंच खात्यावर जमा.

त्या मोजणीत गुलाबी रंगाची वाट पाहत नाहीत, पीएच ३.५ झाला की थांबतात. पीएच ७ म्हणजे उदासीन, मग ३.५ म्हणजे अर्धवटच काम, असं वाटेल. पण पीएचची एकेक पायरी दहापटीची असते. १.५ वरून ३.५ वर येणं म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण शंभरपट घटणं, शंभरातले नव्व्याण्णव बाद. जठराला उदासीन करून टाकायचंही नसतं. अन्नातली प्रथिनं पचवायला आणि जंतू मारायला आम्ल लागतंच. चांगल्या अँटासिडची कसोटी त्यामुळे दुहेरी आहे: पुरेसं मारायचं आणि वेळेत मारायचं. वेष्टनावरचे मिलिग्रॅम यातलं काहीच सांगत नाहीत, ब्युरेट सांगते.